फोर्ट हम्बोल्ट, युरेका: बुरूज शोधू नका

सॅन फ्रान्सिस्कोहून 101 महामार्गाने रेडवूडची झाडं बघायला निघालेले आपले लोक युरेका शहरात रात्री टेकतात आणि सकाळी उठून पुढे पळतात. माझं ऐका, तासभर काढून फोर्ट हम्बोल्टला जा. मात्र सिंधुदुर्ग-विजयदुर्ग डोक्यात ठेवून जाल तर हिरमोड ठरलेला. ना तट, ना बुरूज, ना दिंडी दरवाजा. टेकाडावर मोठं हिरवं मैदान, कडेला जुन्या धाटणीच्या दोन लाकडी इमारती. समोर खाडी, पण मध्ये महामार्ग आणि चक्क एक मॉल! तिकीट नाही आणि चढ नाही, त्यामुळे गुडघ्यांची तक्रार असलेल्या आमच्या सासूबाईही आरामात फिरल्या.

हा किल्ला उभा राहिला 1853 च्या जानेवारीत. ट्रिनिटी नदीकडे सोन्याच्या मागे धावणारे या खाडीतून जात होते, गोऱ्यांच्या वस्त्या वाढत होत्या आणि वियोट व आसपासच्या जमातींच्या जमिनी हातच्या जात होत्या. दोन्हीकडच्या मारामाऱ्या आवरायला रॉबर्ट ब्युकॅनन हा अधिकारी अमेरिकी लष्कराच्या चौथ्या इन्फंट्रीच्या, म्हणजे पायदळाच्या, दोन कंपन्या घेऊन आला. कवायतीच्या मैदानाभोवती फळ्यांच्या चौदा इमारती उठल्या. त्यातला फक्त दवाखाना मूळचा उरलाय, आता त्यात छोटं संग्रहालय आहे. शेजारचं डॉक्टरचं घर नव्याने बांधलेलं. भिंतीजवळ जाऊन बघा, फळीवर फळी, बस. समुद्राकडून येणारं गार वारं त्या काळी आत किती शिरत असेल, हे सासूबाईंनी शाल घट्ट ओढत स्वतःच ठरवून टाकलं.

1854 च्या जानेवारीत इथे बदलून आला युलिसिस ग्रँट, जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. बायको आणि दोन मुलं दूर, पगारात त्यांना इकडे आणणं परवडेना, ब्युकॅननशी पटेना. एप्रिलमध्ये त्याने राजीनामा खरडला. त्याच्या दारूच्या कथा तर आजही रंगवून सांगतात. हाच ग्रँट 1879 च्या फेब्रुवारीत जगप्रवासात आपल्या मुंबईत उतरला होता, मलबार पॉइंटला राज्यपालांचा पाहुणा म्हणून. तेव्हा त्याच्यापुढे पायघड्या होत्या. इथे मात्र हा गडी नुसता कंटाळला होता.

पण तिथे ग्रँटसाठी जाऊ नका. खाडीत उत्तरेकडे तुलुवात नावाचं बेट आहे, तिथल्या घटनेसाठी जा. 26 फेब्रुवारी 1860 च्या पहाटे, वियोट लोकांचा जगाच्या नवीकरणाचा उत्सव चालू असताना, काही गोऱ्या वसाहतवाल्यांनी कुऱ्हाडी आणि सुऱ्यांनी तिथे कत्तल केली. मेल्या त्या बहुतेक बायका, पोरं, म्हातारी माणसं. फौज इतकी जवळ, तरी हे झालं. वाचलेल्यांना मग याच किल्ल्यावर आणलं आणि पुढे राखीव प्रदेशात हलवलं. खटला एकावरही चालला नाही. नंतरच्या लढायांत पकडलेल्या शेकडो आदिवासींना इथेच डांबून ठेवलं. ज्या हिरवळीवर लोक कुत्री फिरवतात, तिचा हा इतिहास आहे. लढाया संपल्यावर फौज हलली, 1870 मध्ये लष्कराने जागा सोडली. अवघ्या सतरा वर्षांचा किल्ला! तुलुवात बेटाचा आपल्या ताब्यातला भाग मात्र 2019 मध्ये युरेका शहराने वियोट लोकांना परत केला.

पोरांना हे सगळं ऐकवत बसलात तर ती जांभया देतील. त्यांना इथेच मांडलेल्या लाकूडतोडीच्या जुन्या यंत्रांकडे सोडा. 1881 मध्ये याच युरेकात जॉन डॉल्बियरने वाफेवरचं ‘डाँकी’ इंजिन काढलं: उभा बॉयलर, पुढे फिरता रहाट, त्यावर दोर गुंडाळत रेडवूडचे अवाढव्य ओंडके ओढायचे. आधी हे काम बैल करायचे. आमच्या धाकट्याने सगळ्या चाकांना हात लावून पाहिला. खरं सांगायचं तर या यंत्रांपुढे किल्ल्याकडे फारसं कुणी बघत नाही, आणि मला ते खटकलं.

पाचपैकी चार तारे. संग्रहालयाच्या वेळा आधी बघून घ्या, कारण ते बंद असेल तर मैदानात फलक वाचत फिरण्यापलीकडे काही उरत नाही. जूनमध्येही स्वेटर न्या. खायला टेकाडावर काही मिळत नाही, थर्मासमध्ये चहा भरूनच जा.