केवलमूल्याची समीकरणे आणि डेटा सफिशिअन्सी : एका ऑनलाइन पाठमालेविषयी

जीमॅट या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी एका खासगी क्लासने केवळ केवलमूल्याच्या (|क्ष|, म्हणजे संख्येचे शून्यापासूनचे अंतर) समीकरणांवर काढलेली ऑनलाइन पाठमाला मी सरावसंचासह पूर्ण केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीपासून डेटा सफिशिअन्सीचे, म्हणजे दिलेली दोन विधाने उत्तर ठरवायला एकेकटी किंवा मिळून पुरेशी आहेत का एवढेच विचारणारे, प्रश्न गणिताऐवजी डेटा इनसाइट्स या विभागात येतात आणि तिथे ४५ मिनिटांत २० प्रश्न सोडवायचे असल्याने, दिलेली माहिती पुरेशी आहे की नाही हे झटपट ठरवण्याची सवय लावणारे शिक्षण हवे असते.

या कसोटीवर पाठमालेचा मधला भाग उत्तम उतरतो. ‘क्षची किंमत किती?’ या प्रश्नाला दोन विधाने दिली आहेत : पहिले |क्ष − ३| = २क्ष आणि दुसरे क्ष² + २क्ष − ३ = ०. दोन्हींतून १ आणि −३ याच किमती निघतात, म्हणून घाईत असलेला विद्यार्थी दोन्ही विधाने मिळूनही अपुरी ठरवतो. शिक्षिका मात्र इथे थांबून दाखवतात की केवलमूल्य ऋण असूच शकत नाही, त्यामुळे २क्ष शून्य किंवा धन असला पाहिजे आणि −३ ही किंमत पहिल्या विधानात टिकत नाही. उरते फक्त १, म्हणजे पहिले विधान एकटेच पुरेसे आहे. मिळालेली प्रत्येक किंमत मूळ समीकरणात घालून पाहण्याचा त्यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटला. |क्ष − २| = |क्ष + ४| हे समीकरण शिक्षिका संख्यारेषेवर, २ आणि −४ यांच्यापासून समान अंतरावरचा बिंदू शोधून, काही क्षणांत सोडवतात.

‘होय की नाही’ स्वरूपाच्या प्रश्नांकडे मात्र दुर्लक्ष झाले आहे. ‘क्ष धन आहे का?’ असे विचारले आणि |क्ष − ५| = २ एवढेच दिले, तर ७ आणि ३ अशा दोन किमती मिळूनही उत्तर निश्चित ‘होय’ असते. दोन किमती म्हणजे अपुरी माहिती, हा समज मोडणारे असे एकही उदाहरण इथे नाही, ही उणीव गंभीर आहे.

सरावसंचातील एका प्रश्नात तर |क्ष − १| = ४ आणि |क्ष| = २ ही विधाने एकत्र दिली आहेत. पहिल्यातून ५ आणि −३, दुसऱ्यातून २ आणि −२ मिळतात, म्हणजे दोन्ही एकाच वेळी खरी असूच शकत नाहीत. प्रत्यक्ष परीक्षेत विधाने एकमेकांना छेद देत नाहीत आणि चाणाक्ष विद्यार्थी त्यावरूनच स्वतःची आकडेमोड तपासतो; त्यामुळे तो प्रश्न संचातून काढून टाकावा, असे मी क्लासला कळवले आहे.