कायरोप्रॅक्टर, रग्बी आणि माझी कंबर: आठ महिन्यांचा अनुभव

पहिल्यांदा टेबलवर पालथा झालो तेव्हा तोंडाखालच्या भोकातून फक्त कायरोप्रॅक्टरचे (मणक्यांना आणि सांध्यांना हाताने झटके देऊन उपचार करणाऱ्याचे) मोजे दिसत होते, त्यातला डावा उलटा घातलेला. मी त्या शिवणीकडे बघत असतानाच कमरेखालचा टेबलाचा तुकडा खाडकन खाली बसला. वाटलं, संपलो. पण दुखलं काहीच नाही. उठून वाकलो तर सकाळी जेमतेम नडगीपर्यंत पोचणारी बोटं बुटाच्या लेसला लागली. त्या आनंदात रिसेप्शनवर २४ सेशन्सचं पॅकेज घेऊन मोकळा झालो. ₹३०,०००, एकरकमी.

मी ३३ वर्षांचा, राहणार डोंबिवली, नोकरी बँकेत. रग्बीत हूकर, म्हणजे स्क्रममध्ये (दोन्ही संघ बॉलसाठी एकमेकांना रेटतात त्या घोळक्यात) दोन्ही बाजूंच्या गड्यांच्या, म्हणजे प्रॉप्सच्या, खांद्यांवर हात टाकून मधोमध लटकणारा दोन नंबरचा. मुंबईत रग्बी म्हणजे पावसाळा आणि पावसाळा म्हणजे चिखल. रेफरीचं 'क्राउच, बाइंड, सेट' झालं की दोन्हीकडचे आठ-आठ जण भिडतात आणि पुढच्या तिघांच्या माना-कमरा त्यात सापडतात. गेल्या जुलैत आमच्या प्रॉपचा पाय सटकला, स्क्रम कोसळला आणि माझ्या कमरेत उजवीकडे चमक भरली. लोकलमध्ये उभं राहवेना, बसलो तर उठवेना.

ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी तपासलं. पायात कळ जात नाही, मुंग्या नाहीत, तेव्हा घाबरू नका, गोळ्या घ्या आणि हलतं राहा, म्हणाले. आईचं म्हणणं वेगळं. "अरे, पायाळू माणूस शोध. एक लाथ बसली की चमक गेली." पायाळू काही मिळाला नाही, मोबाइलवर कडाकडा हाडं वाजवणारे व्हिडिओ मात्र ढिगाने मिळाले.

त्या आवाजाबद्दल आधी सांगतो, कारण निम्मे लोक त्याच्यासाठीच जातात. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नसतो. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम कमी झाला की त्यात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो 'कट्'. बोटं मोडतो तसंच. आमच्या पहिल्या क्लिनिकमध्ये मात्र एक्स-रे दिव्यावर लावून "मणका सरकलाय, आत्ता नाही बसवला तर पुढे त्रास" असं ऐकवलं. तोच एक्स-रे ऑर्थोपेडिकला दाखवला, तर त्यांनी बघून परत पाकिटात घातला. सरकलं-बिरकलं काही नव्हतं.

मी बँकवाला, त्यामुळे वहीत नोंदी. सेशन झालं की वाकणं सुधारायचं, दुखणं दहातलं सहा असेल तर तीनवर यायचं. दीड-दोन दिवसांनी परत पाचवर. अकरा सेशन्स हेच चाललं. जाहिरातीत 'स्पोर्ट्स परफॉर्मन्स' होतं म्हणून ३० मीटरची धावही मोजली, मित्राच्या हातात स्टॉपवॉच देऊन. आधी ४.६ सेकंद, दोन महिन्यांनी ४.६ सेकंद. वेग वाढवायला कुणी जाणार असेल तर त्या पैशांत बरे स्टड घ्यावेत.

सप्टेंबरमध्ये एक टॅकल, म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडणं, चुकलं. डोकं एका बाजूला, खांदा दुसऱ्या बाजूला, आणि उजव्या हातातून करंट गेल्यासारखं झालं. मिनिटभर हात माझा नव्हताच. रग्बीवाले याला स्टिंगर म्हणतात. मानेतून हाताकडे जाणारी नस ताणली किंवा चेपली गेली की असं होतं. दुसऱ्या दिवशी सेशन होतं. तिथे मानेलाच हात घालायला निघाले. मी नको म्हटलं आणि तो माझा तिथला शेवटचा दिवस.

मग टीममधल्या एकाने दुसऱ्या बाई सुचवल्या, परदेशात शिकून आलेल्या. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकची वेगळी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे शिक्षण कुठे झालंय हे आपणच विचारायचं. मी विचारलं, त्यांनी शांतपणे सांगितलं. मग माझी बोटं आवळायला लावली, कोपरावर हातोडी मारली, दंड वर उचलून त्यावर जोर दिला आणि म्हणाल्या, "मानेला मी आज हात लावणार नाही. आधी एमआरआय करून या." त्या दिवशी टेबलवर आडवं न होताच ₹१,५०० दिले, आणि आठ महिन्यांत सर्वात सत्कारणी लागलेले पैसे तेच. एमआरआयमध्ये गंभीर काही निघालं नाही. तरी मान झटक्याने फिरवणं मी कायमचं बंद केलंय. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होणं फार क्वचित घडतं, पण मान एकच आहे.

कमरेवर त्या बाई पंधरा दिवसांतून एकदा उपचार करायच्या आणि दर वेळी गृहपाठ द्यायच्या: साइड प्लँक, हलक्या वजनाचे डेडलिफ्ट, मानेसाठी टॉवेल धरून चारी दिशांना दाब. कंटाळवाणं काम. पण नोव्हेंबरपासून वहीतला आकडा दोनच्या वर गेलेला नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत त्यांच्याकडे फिरकलोच नाही तरी तो तिथेच राहिला. सेशनमुळे व्यायाम करण्याइतकं दुखणं उतरलं, एवढं श्रेय मी नक्की देईन. बाकीचं डेडलिफ्टचं. आता सामन्यानंतर कंबर फारच आखडली तर जातो.

एक मात्र. डोक्याला मार लागून गरगरत असेल, हाता-पायातली ताकद गेली असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, तर कायरोप्रॅक्टरचा विचारही नको, थेट हॉस्पिटल. आमच्यातला एक जण मैदानावर डोकं आपटल्यावर 'मान मोकळी करून घेतो' म्हणत होता, त्याला ओढून न्यावं लागलं.

पहिल्या क्लिनिकमधली १३ सेशन्स अजून शिल्लक आहेत. पैसे परत मागितले तर परतावा नाही, पण घरातल्या कुणालाही वापरता येतील, आईंना घेऊन या, असं फोनवर गोड आवाजात सांगितलं. आईची हाडं ठिसूळ झालीयेत, तिला असला झटका चालणार नाही. आईचं वय काय, काही आजार आहे का, तिकडून एका शब्दाने विचारलं नाही.