सातपूरच्या शेडमधला स्टुडिओ: छप्पर झकास, बाकीचं बघून घ्या

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका जुन्या शेडचा आता भाड्याने मिळणारा आर्ट स्टुडिओ झाला आहे. जिथे लेथ मशीनं चालायची तिथे आता इझल, मातीकामाची चाकं, फोटोवाल्यांसाठी एक कोपरा आणि अर्थातच कॉफी. नाव मुद्दाम लिहीत नाही. चालवणारी जोडी तरुण आहे, मनापासून राबते, आणि मला खटकलेलं बरंच आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षं ट्यूबलाइटखाली स्थिरचित्र काढायला लावलं, तेव्हा उजेडाचे हाल मला ठाऊक आहेत. आता निवृत्तीनंतर जलरंग करते. घरी उत्तरेची खिडकी आहे, पण ती डक्टमध्ये उघडते. म्हणून निमाणीहून सिटीलिंकची बस पकडून सातपूरला जायची सवय लागली.

पहिलं कौतुक छपराचं. शेड जुन्या पद्धतीची आहे, फॅब्रिकेटर ज्याला नॉर्थ लाइट ट्रस म्हणतात तशी. छपराला करवतीसारखे दात असतात. प्रत्येक दाताची उतरती बाजू दक्षिणेकडे, तिच्यावर पत्रा. उभी बाजू उत्तरेकडे, तिला काच. कामगाराच्या डोळ्यावर आणि मशीनवरच्या जॉबवर, म्हणजे घडवायच्या वस्तूवर, थेट ऊन पडू नये, सावल्या हलू नयेत, म्हणून कारखान्यांनी ही रचना वापरली. चित्रकाराला नेमकं तेच हवं असतं. ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाने १९२२ मध्ये पॅरिसला ओझाँफाँ या चित्रकारासाठी घर-स्टुडिओ बांधला, त्यालाही असंच कारखान्याचं दातेरी छप्पर घातलं होतं. पुढे ते काढून गच्ची केली, ते सोडा. आपल्याकडे असली छपरं आयती उभी आहेत आणि लोक ती पाडून गाळे काढतात.

इथे सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत कागदावर जो उजेड असतो त्याला तोड नाही. मऊ, सारखा, कुठे भगभग नाही. ब्रशची सावली जेमतेम दिसते. नुसत्या या उजेडासाठी मी दिवसाचं भाडं देते, आणि ते कॉलेज रोडवर दोघांनी बसून जेवावं तेवढं आहे.

पण नाशिकमधल्या उत्तरेच्या उजेडाला एक मेख आहे, ती बुकिंग करणाऱ्याने ध्यानात ठेवावी. उत्तरेकडून ऊन येत नाही हा नियम युरोपातला. आपण २० अंश अक्षांशावर. साधारण २१ मेपासून २४ जुलैपर्यंत सूर्य दिवसभर उत्तरेच्याच अंगाने फिरतो. दुपारी तो डोक्यावर असल्याने उभ्या काचेतून फारसा आत येत नाही, मात्र सकाळी आणि संध्याकाळी तिरपी तिरीप थेट टेबलावर. जूनच्या मध्यानंतर ढग येऊन सुटका करतात, म्हणजे खरी पंचाईत मे अखेरची आणि पाऊस लांबला तर जूनची. काचेच्या आतून मांजरपाट ताणला किंवा बाहेरून उभ्या पट्ट्या लावल्या की काम भागतं. मी हे सांगितल्यावर स्टुडिओ चालवणाऱ्या जोडीतल्या मुलीने वहीत लिहून घेतलं. पुढच्या मेमध्ये कळेल.

आता इंटिरियर. इतकं चांगलं छप्पर हाती आल्यावर डिझायनरने काय करावं? आतून काळा रंग मारावा! ‘इंडस्ट्रियल लुक’. अहो, काचेतून आलेला उजेड आधी दाताच्या उतरत्या बाजूच्या पोटावर पडतो आणि तिथून खाली पसरतो. तो भाग पांढराच हवा. काळा केलात म्हणजे आलेला अर्धा पाहुणा दारातूनच परत पाठवलात. सुदैवाने दोनच दात रंगवून झाल्यावर बजेट संपलं म्हणतात. बाकीच्या दातांना कारखान्याचा जुना चुना तसाच आहे, आणि जाणकार मंडळी बरोबर त्याच्याखाली गर्दी करतात.

पूर्वेच्या लांबच लांब भिंतीला विटकरी रंग दिला आहे. “मॅडम, टेराकोटा शेड आहे, फोटोत फार वॉर्म येतो,” असं मला समजावण्यात आलं. फोटोत येत असेल. पण त्या भिंतीजवळ बसलं की तिचा लालसर उजेड कागदावर येतो, डोळा त्याला सरावतो, आणि सावलीत हात नकळत निळा जास्त ओततो. तिथे बरोबर वाटलेली सावली घरी आणल्यावर गारठलेली दिसते. चित्रकाराच्या खोलीत भिंत पांढरी किंवा फिकट राखाडी ठेवतात ती रुची कमी म्हणून नव्हे.

संध्याकाळच्या दिव्यांबद्दलही हेच. छताला रुळावर सरकणारे छान दिवे आहेत, पण पिवळट, ३००० केल्विनचे (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा), हॉटेलात शोभतील असे. मी खोक्यावर पाहिलं, सीआरआय ८०, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा. हा आकडा ठराविक आठ फिक्या रंगांवरून काढतात. गडद लाल त्या आठांत नसतो, त्याचा वेगळा आकडा असतो, आर-नाइन, आणि खोक्यावर तो बहुतेक छापलेलाच नसतो. म्हणून ८० च्या दिव्याखाली क्रिमसनसारखा गडद लाल मरगळलेला, तपकिरी वाटू शकतो. सीआरआय ९० च्या वरचे, ५००० केल्विनच्या आसपासचे दिवे आता मिळतात. इथल्या निऑनच्या ‘क्रिएट’ पाटीच्या पैशात दोन-चार टेबलं उजळली असती.

उन्हाळ्याचं सांगायलाच हवं. पत्र्याखाली एप्रिलमध्ये दुपारी कागद ओला ठेवणं अशक्य. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, अर्ध्यावर सुकतो आणि कड धरतो. वर पंखे फिरतात ते ऊनच खाली ढकलतात. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांचा अहमदाबादचा ‘संगाथ’ स्टुडिओ मी पाहिला आहे. अर्धवट जमिनीत उतरवलेला, वर कमानीच्या छपरांवर फुटक्या पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे, म्हणजे आपल्या गच्चीवरचं चायना मोझॅकच, ऊन परतवायला. तेवढं इथे कोण करणार, भाड्याची जागा. पण बाहेरून पत्र्याला पांढरा उष्णतारोधक रंग मारायला आर्किटेक्ट लागत नाही. पावसाळ्यात उलट प्रकार: गारवा सुरेख, पण सर आली की पत्र्याचा ताशा सुरू. वर्कशॉप घेणाऱ्यांनी माइक मागून घ्यावा. शेजारच्या शेडमध्ये पॉवर प्रेस आहे. तिची ठकठक मला थोड्या वेळाने ऐकू येईनाशी होते, व्हिडिओ करणाऱ्यांना येईल.

जमीन मात्र उत्तम. जुनं आयपीएस, म्हणजे सिमेंट काँक्रीटची घोटलेली फरशी, घासून तसंच ठेवलं आहे, तेलाच्या डागांसकट. रंग सांडला तर कोणी धावत येत नाही. फोटोवाल्या कोपऱ्यात चकचकीत पांढरं इपॉक्सी आहे, तिथे मी पाय ठेवत नाही.

बेसिन पाहून हसावं की रडावं कळेना. तांब्याचं, उथळ, टेबलावर ठेवलेल्या परातीसारखं. त्यात मोठा फ्लॅट ब्रश धुवून दाखवा. मातीकामवाले त्यातच हात धुतात, आणि खाली गाळ बसायला चेंबर नाही, म्हणून ते तुंबलेलं असतं. मागच्या दाराशी कारखान्याच्या वेळचा सिमेंटचा हौद आहे, खोल, वर दोन नळ. मी तोच वापरते.

कागद वाळवायचे जाळीचे रॅक भरपूर आहेत आणि कुलपाचे खण महिन्याने मिळतात, ही मोठीच सोय. पावसाळ्यात मात्र कागद खणात ठेवू नका, बुरशी धरते. बार स्टूल नावाच्या उंच वस्तूंवर साठीच्या बाईने कसं बसायचं, हे विचारल्यावर मुलाने लगेच ऑफिसातली खुर्ची आणून दिली आणि म्हणाला, “काकू, ही आता तुमचीच.” संडास स्वच्छ. कॉफी ठीक.

जाणार असाल तर फोनवर ‘आतल्या बाजूचं, पांढऱ्या छपराखालचं टेबल’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर विटकरी भिंतीशी बसवतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण तेव्हा लग्नाआधीच्या फोटोशूटची गर्दी असते, शनिवार-रविवार टाळा. तैलरंगवाल्यांनी थोडं थांबावं: टर्पेंटाइनचा वास बाहेर काढायला एक्झॉस्ट एकच आहे, तोही कॉफीच्या मशीनवर.