तरवड की कोरांटी? मुरमाड जागेत बी पेरण्याआधी

रोज पाणी घालणं जमणार नाही, खाली नुसता मुरूम, आणि तरीही बांधावर आपल्या माळावरचंच पिवळं फूल हवं, तर निवड बहुतेक या दोघांवर येऊन थांबते. सासवडजवळच्या एका उतारावर मी दोन्ही बियांपासून वाढवली आहेत. उन्हाळ्यात दोन्हींनी तग धरला, त्यामुळे त्या बाबतीत डावं-उजवं करणार नाही.

कोरांटीचं बी गुणी आहे. ओलं झालं की बुळबुळीत होऊन मातीला धरून राहतं, आणि माझ्याकडे आठवडाभरात उगवलं. बाकी माळ सुकलेला असतो तेव्हा ती ऐन थंडीत फुलते. काट्यांमुळे कुंपणही आपसूक होतं.

अडलं ते बी गोळा करताना. चोच असलेल्या त्या बोंडात बिया दोनच. हिरवं तोडलं तर बी कच्चं निघतं. वाळू द्यावं, तर एका दुपारी बोट लागताच फट्‌ आवाज होतो, हातात दोन रिकाम्या फाकी उरतात आणि बी काट्यांच्या जाळीत कुठेतरी उडालेलं असतं. फांद्यांना मलमलच्या पिशव्या बांधून पाहिल्या, दोन्ही मनगटं ओरबाडून घेतली, तरी हंगामाअखेर मूठभर बी जमलं नाही. लांब बांधासाठी एवढ्यानं काय होणार?

तरवडाची चपटी, कागदासारखी शेंग मात्र वाळूनही झाडावरच राहते. सवडीनं जावं, पिशवी भरावी. एका शेंगेत दहा-पंधरा बिया. भोकं पडलेल्या बाजूला काढा, त्या किड्यानं पोखरलेल्या असतात. साल टणक असल्यानं बी तसंच पेरलं तर महिनोन्‌महिने पडून राहतं. उकळी आलेलं पाणी खाली उतरवून त्यात बी टाकावं आणि रात्रभर ठेवावं. सकाळी फुगलेलं तेवढं पेरायचं, उरलेल्याला पुन्हा तेच. पेरणी थेट जागेवर, पहिल्या पावसानंतर. सोटमूळ लगेच खोल जातं. पिशवीत वाढवलेली माझी बरीचशी रोपं लावणीनंतर मान टाकून बसली.

शिवाय गुरं-शेळ्या तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत, आणि उघड्या माळावर हे फार मोठं आहे. फुलात मध नसतो, तरी काळे भुंगे येतात आणि थरथरून पराग झाडून नेतात. तेलंगणाचं हे राज्यफूल, बतुकम्मा या तिथल्या फुलांच्या सणात ते रचतात. आपल्याकडे नवरात्रात घटाला याच फुलांची माळ चढते.

दारापुढे दहा-बाराच झुडपं हवी असतील तर कोरांटी जरूर लावा. ओळखीच्या कुणाकडून फांद्या आणून खोचल्या तर बियांच्या भानगडीत पडावंही लागत नाही. सगळा बांध भरायचा असेल, तर मी तरी उन्हाळ्याच्या तोंडाशी तरवडाच्या शेंगा काढायला निघेन. आमच्या बांधावर दुसऱ्याच नवरात्रात घटापुरती फुलं मिळाली.