बाईंचं मे महिन्यातलं रक्तदान शिबिर, कराड

गेल्या रविवारी बाईंच्या शिबिरात रक्त देऊन आलो, तिथे देण्याची माझी ही सातवी वेळ, म्हटलं आता तरी चार ओळी लिहायलाच हव्यात. बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. अजून नोकरीत आहेत आणि शाळा सांभाळून पेठेतल्या गणेश मंडळाच्या पोरांना हाताशी धरून दरवर्षी ऐन मे महिन्यात हे शिबिर घेतात.

मे कशाला, एवढ्या उन्हात? कारण तेव्हाच खरी टंचाई असते, कॉलेजं बंद, लोकं गावाला. २६ जानेवारीला नाहीतर कुठल्या नेत्याच्या वाढदिवसाला एका दिवसात ढिगाने पिशव्या जमतात, पण लाल पेशी टिकतात ३५ ते ४२ दिवस आणि प्लेटलेट्स तर जेमतेम ५, मग ते रक्त मे पर्यंत पुरणार कसं? बाईंच्या वर्गात थॅलेसेमियाचा (रक्ताचा जन्मजात आजार, सारखं रक्त चढवावं लागतं) एक मुलगा होता. दर तिसऱ्या आठवड्याला हजेरीपटात त्याचा खाडा दिसायचा म्हणून त्यांनी घरी जाऊन चौकशी केली तेव्हा कळलं की त्याला रक्त चढवायला नेतात. थॅलेसेमियाच्या पोरांना रक्त फुकट मिळतं हो, पण शिल्लक असेल तर ना! उन्हाळ्यात त्याचे वडील एका पिशवीसाठी दहा ठिकाणी फोन करत बसायचे. शिबिर सुरू झालं ते तिथून.

व्यवस्था चांगली आहे. फॉर्म, वजन (४५ किलो तरी पाहिजे), बीपी, मग बोटाला टोचून रक्ताचा थेंब निळ्या मोरचुदाच्या पाण्यात सोडतात, बुडाला की हिमोग्लोबिन पुरेसं. माझा सरळ तळाशी गेला. बायको पहिल्यांदाच आलेली, तिचा थेंब मध्येच थांबला आणि परत वर आला, बिचारीचा चेहराच पडला. बाई लगेच जवळ आल्या, "नापास नाही झालीस गं, फक्त परत बसायचंय. आधी डॉक्टरांना दाखव." आणि तिला कॉफी-बिस्किटाच्या टेबलावर बसवलं, दुपारपर्यंत ती तिथेच रमली.

भेटवस्तू काही नाही. हेल्मेट नाही, पाण्याचा जग नाही, फक्त सर्टिफिकेट. वस्तूसाठी आलेला माणूस आजार लपवू शकतो असं बाईंचं म्हणणं आणि ते मला शंभर टक्के पटतं.

तक्रार एकच, ज्या ब्लड बँकेची टीम येणार होती ती तासभर उशिरा आली, तोवर सकाळी लवकर नाश्ता करून आलेली पाच-सहा माणसं कंटाळून निघून गेली. एवढी मेहनत करून जमवलेली माणसं अशी परत जाताना बघून फार वाईट वाटलं. पुढच्या वेळी मंडळाने आदल्या दिवशी वेळ पक्की करून घ्यावी आणि हॉलमध्ये दोन कूलर लावावेत.

पोटभर खाऊन या, पाणी भरपूर प्या, ओळखपत्र आणा. आणि एकदा बाईंच्या वहीत नाव गेलं की सुटका नाही, नाव, रक्तगट, शेवटची तारीख सगळं शाईच्या पेनाने लिहिलेलं असतं. दोन रक्तदानांत पुरुषांना ९० दिवसांचं अंतर लागतं, बायकांना १२०. दिवस भरले की कुठे पेशंटला गरज लागल्यावर बाईंचा स्वतःचा फोन येतो, मला मागे रात्री साडेनऊला आलेला, जेवण अर्धं टाकून गेलो होतो.