पुळणीवर की जेटीवर? रॉड आणि आमिष निवडण्याआधी

पहिला रॉड घ्यायला निघालेला माणूस हमखास लांबीचं विचारतो. आठ फुटी घेऊ की तेरा फुटी? माझ्या मते सुरुवात आमिषापासून करावी. आमिष कुठे पडायला हवं आणि तिथे पोचेपर्यंत ते गळाला टिकणार का, हे कळलं की रॉडची निवड निम्मी होऊन जाते.

पुळणीवर तुमच्यात आणि माशात फुटणाऱ्या लाटा असतात. तिथे १२ ते १४ फुटांचा रॉड वापरतात तो लांब फेकता यावं म्हणून, हे खरंच. पण त्याचं दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. वाळूत रोवलेल्या नळीत उभा केला की तो दोरी लाटांच्या वर उचलून धरतो. दोरी फेसात पडली तर प्रत्येक लाट तिला ओढते, शिसं, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, जागचं हलतं आणि थोड्या वेळाने गळ तुमच्याच पायाशी येऊन पडतो. म्हणून शिसंही १०० ते १५० ग्रॅमचं लागतं. पिरॅमिडच्या आकाराचं शिसं वाळूत चांगलं रुततं. ओढ फारच असेल तर तारेचे पाय असलेलं घ्यावं.

इतकं वजन जोरात फेकताना बारीक दोरी तुटली, तर सुटलेलं शिसं कुणाचाही जीव घेऊ शकतं. त्यासाठी पुढे जाड मोनोची (एकपदरी नायलॉनची) शॉक लीडर, म्हणजे फेकीचा झटका सोसणारा दोरीचा तुकडा, बांधतात. हिशेब सोपा आहे: शिशाच्या दर औंसाला, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमला, १० पौंड ताकद. ४ औंसांच्या शिशाला ४० पौंडी लीडर हवीच. तिची लांबी रॉडच्या साधारण दुप्पट ठेवावी, म्हणजे फेकायच्या वेळी रीलवरही तिचे काही वेढे राहतात. यात काटकसर करू नका.

जेटीवर सगळं उलटं. खोल पाणी थेट पायाखाली आणि मासे बहुधा खांबांच्या सावलीत, शिंपले-शेवाळाच्या आसपास. दूर फेकलेला गळ उलट त्यांच्यापासून लांब जातो. मागून माणसं ये-जा करत असतात, त्यामुळे तेरा फुटी रॉड फिरवायला जागाच नसते. इथे ७ ते ९ फुटांचा, ३० ते ८० ग्रॅम वजन पेलणारा रॉड बरा. टोक नाजूक असावं, म्हणजे हलकी टोचणीही कळते. पण बुंधा दणकट हवा, कारण मासा लागला की तो आधी खांबाकडे धावतो आणि दोरी शिंपल्यांच्या धारेवर घासली की खेळ संपला. मासा वर घेताना रॉडने उचलू नये. दोरीला बांधलेली गोल जाळी खाली सोडावी. पाण्यात हलका वाटणारा मासा हवेत आला की त्याचं सगळं वजन रॉडवर येतं, आणि बरेच रॉड असेच मोडतात.

कार्बन की फायबरग्लास? कार्बन हलका, ताठ आणि फेकायला सुरेख, पण दगडावर आपटलेला कार्बन पुढच्या फेकीत दगा देऊ शकतो. ग्लास जड आणि सोशिक. पुळणीसाठी मी कार्बन निवडेन, जेटीसाठी दोन्हींचं मिश्रण. वीज चमकायला लागली की मात्र कुठलाही रॉड खाली ठेवून आडोशाला जायचं. कार्बनमधून तर वीज सहज वाहते.

आता आमिष. कोळंबी जवळजवळ सगळ्या माशांना चालते, म्हणून नवशिके तीच घेतात. जेटीवरून अलगद सोडायची असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. पुळणीवरून ताकदीने फेकली की मात्र ती हवेतच गळावरून सुटते, आणि तुम्ही रिकामा गळ टाकून तासभर वाट बघत बसता. मीही असा बसलो आहे. यावर उपाय म्हणजे बारीक इलॅस्टिक धागा: आमिषावर आठ-दहा वेढे घट्ट घ्यायचे, गाठसुद्धा लागत नाही.

माकूल (स्क्विड) याबाबतीत फार गुणी आहे. त्याची पट्टी चिवट असते, फेकीत टिकते आणि खेकड्यांनी कुरतडली तरी लवकर संपत नाही. तारली किंवा बांगड्याचे तुकडे तेलकट असल्याने वास दूरवर पसरतो आणि लाटांनी गढूळलेल्या पाण्यात तोच वास कामी येतो. मात्र तारली मऊ पडते, तिला धागा हवाच. बोयसारखा जिवंत छोटा मासा ही जेटीची खरी चैन, कारण जोरात फेकला तर तो मरतो. कृत्रिम आमिषांपैकी धातूचा चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचं आमिष, पुळणीवर लांब जातो, तर जिग हेडवरचा (डोक्याशी वजन असलेल्या गळावरचा) मऊ प्लास्टिकचा मासा खांबांजवळ वरखाली नाचवायला उत्तम.

आणि एकच रॉड घ्यायचा असेल तर? मी नऊ फुटी घ्यायला सांगेन. तेरा फुटी रॉड जेटीवर अडचणच करतो; नऊ फुटी मात्र समुद्र शांत असेल तेव्हा पुळणीवरही चालून जातो. किनारा आणि वाळूचा पहिला उंचवटा यांच्यामध्ये एक खोलगट पट्टा असतो. वरून पाहिलं तर तिथलं पाणी गडद दिसतं आणि लाट फुटत नाही. भरती चढताना मासे त्याच पट्ट्यात चरायला येतात, अनेकदा किनाऱ्यापासून वीस-तीस मीटरवरच. माकूलाची पट्टी लावून तिथे टाका.