चार फुटी कॉलनी पिंजरा आणि झेब्रा फिंच: विणीचा एक हंगाम उलटल्यावर

ट्रे ओढला की या पिंजऱ्याच्या तळाशी चार फूट लांब आणि दोन इंच उंच फट सताड उघडी पडते. जाहिरातीतल्या एकाही फोटोत ट्रे बाहेर काढलेला दिसत नाही, तो का ते पिंजरा घरी आल्यावर कळतं. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: "ट्रेच्या वर जाळी आहे ना, पक्षी जाणार कुठून?"

जाळी आहे, नाही कोण म्हणतंय! पण ती एक इंची चौकटीची, बजरीगर (छोटे पोपट) डोळ्यांसमोर ठेवून केलेली. झेब्रा फिंचची पिल्लं १८ ते २१ दिवसांत घरट्याबाहेर पडतात, तेव्हा त्यांना धड उडता येत नसतं. पहिले दोन-तीन दिवस ती तळाशीच फडफडतात. त्या चौकटीत पाय मांडीपर्यंत आत जातो आणि पिल्लू रात्रभर तसंच अडकून गारठतं. घरट्यातून ढकललं गेलेलं चार-पाच दिवसांचं पिल्लू तर सरळ खाली शिटेतच पडतं. शिवाय फिंच जमिनीवर दाणे टिपणारा पक्षी. भांड्यातून उडालेले राळे जाळीखाली गेले की वाया. महिन्याच्या दाण्याचा हिशेब ठेवणाऱ्याला हे सहन होणार नाही.

म्हणून जाळी काढायची. आणि ती काढली की फट उघडी! मोठे पक्षी ट्रे हलल्याबरोबर वरच्या काठीवर जातात, त्यांची भीती नाही. तळाशी बसलेली पिल्लं मात्र उजेडाकडे धावतात, आणि उजेड नेमका फटीतून येतो.

कंपनीकडे फक्त एक फडकी, म्हणजे फटीवर झुलणारी पत्र्याची झडप, मागितली होती. "त्या मॉडेलला येत नाही", "वरचं मॉडेल घ्या", मग फोन उचलणंच बंद. तेव्हा उपाय घरचाच. दीड-दोन मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची सपाट पट्टी घ्या. लांबी फटीपेक्षा अर्धा इंच कमी, रुंदी पावणेदोन इंच. रुंदी मुद्दाम फटीहून पाव इंच कमी ठेवायची. बरोबर दोन इंच किंवा जास्त घेतली तर ट्रे ओढताना पट्टी तिरकी बसते आणि पाचरीसारखी अडकते. वरच्या कडेला तीन भोकं पाडून फटीच्या वरच्या तारेला केबल टायने सैल अडकवा. टाय घट्ट आवळले तर पट्टी झुलत नाही. ट्रे बाहेर आला की ती आपोआप खाली लोंबते. कडा कानसीने घासून बोथट करा. ट्रेमधला कागद चारी कोपऱ्यांना चिकटवा, नाहीतर पट्टी तो गोळा करून मागे ढकलते. सगळा खर्च दोनशेच्या आत. एवढ्यासाठी वरचं मॉडेल घ्यायचं?

आता बाकीचं, कारण बाकीचा पिंजरा चांगला आहे.

अर्धा इंची वेल्डमेश, त्यावर पावडर कोटिंग. पावसाळाभर बाल्कनीत राहूनही गंज फक्त कापलेल्या टोकांना आला. साधी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) जाळी असती तर आधी व्हिनेगर लावून तारेच्या ब्रशने घासावी लागली असती, कारण नव्या जाळीवरचे जस्ताचे कण पोटात गेले तर विषबाधा होते. अर्धा इंच फिंचला पुरतो, पण उंदराची पोरं त्यातूनही आत शिरतात. तळमजल्यावर राहत असाल तर खालच्या फूटभर भागाला पाव इंची जाळी आणखी लावा. मुंग्यांसाठी चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. लालमुंग्या घरट्यात शिरल्या तर पिल्लं राहत नाहीत.

बाजूची छोटी दारं सुरुवातीला निरुपयोगी वाटली, हातसुद्धा कसाबसा जातो. पण हीच या पिंजऱ्याची खरी करामत. घरट्यासाठी दाराच्या मापाची लाकडी पेटी बाहेरून टांगता येते. पाच इंची घन, पुढची बाजू अर्धी उघडी, वर झाकण. पक्ष्यांना न उठवता झाकण उचलून अंडी बघता येतात. आत मटका टांगला तर दर वेळी हात घालावा लागतो, सगळी कॉलनी उधळते आणि बुजरी मादी अंडी सोडते. मटकाच वापरायचा असेल तर तोंड दोन इंचांचं हवं.

या मापात चार जोड्या, त्याहून जास्त नको. दोनच जोड्या ठेवल्या तर एक नर दुसऱ्याच्या मागे दिवसभर लागतो. एक तर एकच जोडी ठेवा, नाहीतर तीन-चार. चार जोड्यांना किमान सहा घरटी, आणि सगळी एकाच उंचीवर. एखादं जरी वर टांगलं तरी त्याच्यासाठी मारामारी. इथे कंपनीने दारं दोन पातळ्यांवर दिली आहेत, म्हणजे परत डोकं लढवा: खालची दारं तारेने बंद करून वरची चारच वापरायची आणि उरलेली दोन घरटी त्याच पातळीला आत टांगायची.

घरट्यासाठी काथ्या तीन-चार इंचांचे तुकडे करून द्या. लांब धागा आणि कापूस दोन्ही नकोत, पायाला गुंडाळून बोट काळं पडतं. घरटं तयार झालं की काथ्या देणं बंद. देत राहिलात तर जोडी अंड्यांवर नवा थर घालते, त्यावर पुन्हा अंडी देते आणि खालची थंड पडतात.

मादी रोज एक अशी चार ते सहा अंडी देते. तिसऱ्या-चौथ्या अंड्यानंतर उबवणं सुरू, पिल्लं १२ ते १४ दिवसांत. सहाव्या दिवशी अंधारात बारीक टॉर्च लावला की सुपीक अंड्यात लाल शिरा दिसतात. पिल्लं असताना रोज अंड्याचं खाणं: अंडं दहा मिनिटं उकडून, कवचासकट कुस्करून, पावाच्या चुऱ्यात मिसळून. दोन तासांनी उरलेलं काढून टाका, उन्हाळ्यात त्याआधीच. जोडीला मोड आलेले राळे, पण पावसाळ्यात ते लगेच आंबतात, तेव्हा वास घेऊनच द्या. कॅल्शियमसाठी समुद्रफेस बारा महिने हवा. तो नसला की अंडं अडकलेली मादी पिसं फुगवून तळाशी बसलेली सापडते. तिला वेगळ्या डब्यात ३० ते ३२ अंशांची ऊब द्या आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांना गाठा.

पिल्लं साधारण ३५ दिवसांची झाली की स्वतः खातात. त्यानंतर आठवडाभरात वेगळी करा. बाप त्यांना हाकलू लागतो, पाठीची पिसंही उपटतो. तीन महिन्यांत ही पिल्लं जोड्या जमवू लागतात, भावा-बहिणीतसुद्धा, म्हणून नर-माद्या वेगळ्या. नराच्या गालावर नारिंगी ठिपका येतो, मादीला नाही. पांढऱ्या जातीत चोचीचा रंग बघावा लागतो, नराची गडद लाल. तीन विणी झाल्या की घरटी उतरवा. एप्रिल-मे तर पूर्ण बंद, बाल्कनीत पारा चाळिशीला गेला की अंडी आतच सुकतात.

याच पिंजऱ्यात मुनिया ठेवू का, असं बरेच जण विचारतात. देशी मुनिया नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. रस्त्यावर रंगवून विकतात त्याही देशीच. परदेशी जावा स्पॅरो चालेल, पण त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

ताजी खबर: एवढं लिहून झाल्यावर कंपनीची फडकी आली, फुकट. त्यासाठी रेटिंगमध्ये सेवेचा कापलेला एक तारा परत देतो. मात्र पत्रा इतका पातळ की मध्ये बाक येतो, आणि कडा दुमडलेल्या नाहीत. पिल्लाचा पाय कापेल अशी धार आहे. तिच्यावर प्लास्टिकची यू-पट्टी चढवल्याशिवाय बसवू नका; चढवल्यावर रुंदी वाढते आणि ती फटीत अडकते, म्हणून चढवण्याआधीच पत्रा खालून पाव इंच कापा. घरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टीच राहू दिली आहे.

सहा फुटी मॉडेल घ्यावं का? उडायला लांबी मिळते, उंचीपेक्षा फिंचला लांबीच हवी. पण त्यात ट्रे दोन तुकड्यांत येतो, मधल्या सांध्यात दाणे जाऊन भिजतात आणि फटी दोन होतात. फडकी दोन लागतील का विचारलं, तर म्हणाले, त्या मॉडेलला येत नाही.